खाडा: आजारी पडायची परवानगी कोणाला असते?

मागच्या भागात परंड्याच्या किल्ल्यातली मलिक-ए-मैदान तोफ 1632 मध्ये विजापूरला कशी गेली ते ऐकलंत. आजही परंड्यातूनच निघायचंय, पण या भागात तोफ नाही आणि सरदारही नाहीत. आज एका शब्दाचा इतिहास बघू. शब्द आहे खाडा.

शहरातल्या मंडळींना खाडा माहितीय तो दुधाचा. दूध आलं नाही की कॅलेंडरवर फुली, महिन्याच्या शेवटी तेवढे पैसे कमी. हिशोब सरळ. आमच्या परंडा, भूम, वाशी भागात आणि शेजारी बीड जिल्ह्यात खाडा म्हटलं की लोकांना ऊसतोड आठवते. ज्या दिवशी फडात गेला नाहीत, तो खाडा. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंड. म्हणजे दुधाच्या हिशोबात सांगायचं तर दूध आलं नाही म्हणून गवळ्याने तुम्हालाच पैसे द्यायचे!

हा विषय डोक्यात कसा आला ते सांगतो. मागच्या वर्षी हिवाळ्यात मला ताप आला. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. फोनवर कंपनीचं ॲप उघडलं, 'सिक लीव्ह' निवडलं, दोन दिवस, सबमिट. पाच मिनिटांत मंजूर, खाली मॅनेजरचा 'काळजी घे'. त्याच आठवड्यात बरा होऊन गावी निघालो. टेंभुर्णीच्या अलीकडं रस्त्याकडेला ऊस भरत असलेली गाडी दिसली म्हणून थांबलो. माणसं आमच्याकडचीच होती, भूमकडची. एक बाई मोळी टाकून खाली बसल्या होत्या, डोळे लाल, अंगात कणकण स्पष्ट दिसत होती. मी म्हटलं, "आक्का, ताप हाय की तुमाला. आज पडून ऱ्हायचं." त्या हसल्या. "पडाया परवडत न्हाय दादा. खाडा पडतोय."

ताप आम्हा दोघांना आला होता आणि महिनाही तोच. माझ्या तापाची नोंद झाली, त्यांच्या तापाची कुठंच नाही. असं का, हे शोधत गेलो तर दीडशे वर्षं मागं जावं लागलं.

आधी फडातलं गणित समजून घ्या. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम जोडीला आगाऊ रक्कम देतो, ती उचल. मग ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल ती फेडायची, टनावर. पहाटे तीन-चारला उठून फड गाठायचा, ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. गाडी रात्री आली तर रात्री. 2019 मध्ये तोडणीचा दर टनाला साधारण 239 रुपये होता. जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरलं, तर दोघांचे मिळून 480 च्या आसपास. आणि त्याच वर्षी बातम्यांतून जो खाड्याचा दंड समोर आला, तो होता दिवसाला 500 रुपये. म्हणजे दोघांनी पहाटेपासून राबून जेवढं मिळवायचं, तेवढं एका तापात वजा. जानेवारी 2024 मध्ये दर 34 टक्क्यांनी वाढून 366 झाला, पण खाडा आहेच.

आता जरा लंडनला जाऊन येऊ. काम आणि आजारपण यांवरचा जगातला सगळ्यात गाजलेला अभ्यास तिथं झाला, सरकारी कचेऱ्यांत. व्हाइटहॉल नावाचा रस्ता आहे, आपल्या मंत्रालयासारखा समजा. 1985 पासून तिथल्या 10,308 कर्मचाऱ्यांचा मागोवा घेतला गेला. मायकेल मार्मट हे त्यातलं मोठं नाव. गंमत अशी की यात कोणी मोळ्या उचलणारं नव्हतं. सगळे टेबल-खुर्चीवाले, सगळ्यांना दवाखाना फुकट, सगळ्यांना पगारी रजा. तरीही सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या पुरुषांच्या आजारपणाच्या रजा सगळ्यात वरच्या श्रेणीतल्या साहेबांपेक्षा जवळजवळ सहापट निघाल्या. बायकांमध्ये फरक कमी होता, पण कल तोच.

सहज मनात येतं की खालचे लोक कामचुकार. संशोधकांनी तेही तपासलं. लांबच्या रजा घेणारे खरोखर जास्त आजारी होते. आणि फरकाचं एक मोठं कारण निघालं ते कामावरचा ताबा. काम कधी करायचं, कसं करायचं, कधी थांबायचं, हे ठरवायची मुभा जितकी कमी, तितकं शरीर लवकर मोडतं. श्रेणी ठरायची शिक्षणावर. नॉर्वे-स्वीडनसारख्या देशांत सरकारी नोंदींवरून असेच अभ्यास झालेत: कमी शाळा, जास्त आजारी रजा, लवकर अपंगत्व पेन्शन. आणि या फरकाचा बराचसा भाग कामाच्या प्रकारातून येतो. शाळा थेट आजार बरे करत नाही, ती तुम्हाला कुठल्या कामावर नेऊन बसवते, त्यावर पुढचं ठरतं.

पण हे सगळे अभ्यास रजेच्या नोंदी मोजतात. टेंभुर्णीच्या फडात कोणी हे मोजायला गेलं तर? आक्का तापातही कामावर होत्या. कागदावर त्यांची आजारपणाची गैरहजेरी शून्य येईल, माझी दोन दिवस. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं: ज्या सर्व्हरचं लॉगिंग बंद असतं, तो डॅशबोर्डवर सगळ्यात निरोगी दिसतो.

म्हणजे आजारपणाची रजा असणं हाच एक मिळवलेला हक्क आहे. तो कोणी मिळवला, कोणासाठी मिळवला आणि कुठं येऊन थांबला, हा आजचा खरा विषय.

सुरुवात मुंबईत. सप्टेंबर 1884. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक, गिरणीत स्टोअरकीपरचं काम केलेले. शाळा शिकलेले म्हणून यंत्रापेक्षा वहीजवळ बसू शकलेले, हे लक्षात ठेवा. त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारची सुट्टी ही त्यातली मागणी सगळ्यांना माहितीय, कारण ती 10 जून 1890 ला मिळाली आणि दरवर्षी त्या दिवशी व्हॉट्सॲपवर फिरते. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, ती कोणी फॉरवर्ड करत नाही. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय. 1884 मध्ये! जर्मनीत बिस्मार्कने कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा आणला त्याला जेमतेम एक वर्ष झालं होतं.

ही मागणी कायद्यात यायला जवळपास चाळीस वर्षं गेली. 1923 मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा आला. अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यायची. नुसत्या तापाला यात जागा नव्हती. दरम्यान गिरणीत कोणी आजारी पडला की दारात बदली कामगार उभाच असायचा. एकाच्या तापावर दुसऱ्याची चूल पेटायची. गिरणीच्या आतही सगळी खाती सारखी नव्हती. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथं धोटा ओवताना धागा तोंडाने ओढावा लागायचा, म्हणून त्या खात्यात दलितांना येऊ देत नव्हते. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा ठासून मांडला. कोणाच्या शरीराला कुठलं काम येणार, हे शाळेच्या आधी जातच ठरवत होती. त्याच वर्षी मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या पगारी रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि 1929 मध्ये तो कायदा झाला.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. परंड्याहून बार्शी काही लांब नाही, लोक बाजाराला जाऊन संध्याकाळी परत येतात. पण तेव्हा मधे हद्द होती. बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, तिथं कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, छोटी बार्शी लाइट रेल्वे होती. परंडा निझामाच्या हैदराबाद संस्थानात. इंग्रजांच्या इलाख्यातला कायदा इकडं आपोआप लागू होत नव्हता. आणि इकडं गिरण्याच नव्हत्या, होती ती शेती आणि सावकारी. शाळांचं म्हणाल तर वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून, मराठी पोरांचा निम्मा दम भाषेतच जायचा. म्हणून तर 1921 मध्ये आपल्याच जिल्ह्यात हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा काढावी लागली, जिथं पुढं स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक झाले. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा इथली पिढी शाळा आणि कारखाना दोन्हींपासून मागं राहिलेली होती.

तिकडं दिल्लीत मात्र मोठं काम झालं होतं. 1942 ते 46 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. 1943 मध्ये बी. पी. अडारकर यांच्याकडं कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम आलं, 1944 मध्ये त्यांचा अहवाल आला, आणि त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. ईएसआय म्हणतात ते हेच. 24 फेब्रुवारी 1952 ला कानपूरला नेहरूंच्या हस्ते सुरुवात झाली आणि 1954 मध्ये योजना मुंबईत आली. यात पहिल्यांदा साधा ताप मोजला गेला. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, वर्षात 91 दिवसांपर्यंत मजुरीचा मोठा हिस्सा घरी बसून घ्या. आज तो 70 टक्के आहे. लोखंड्यांच्या निवेदनानंतर चौसष्ट वर्षांनी आजारपणाच्या दिवसाला किंमत आली.

पण कायद्याच्या अगदी सुरुवातीलाच चार शब्द आहेत. हा कायदा सगळ्या कारखान्यांना लागू, हंगामी कारखाने सोडून. आणि हंगामी म्हणजे काय याची यादी आहे: कापसाचं जिनिंग, भुईमुगाची फोलपटं काढणं, चहा, कॉफी, रबर, लाख, नीळ. आणि साखर, गुळासकट. मी हे दोनदा वाचलं. ज्या धंद्यावर पुढं अख्खा पश्चिम महाराष्ट्र उभा राहिला, तो धंदा यादीत नाव घालून बाहेर ठेवलेला!

याला कट म्हणता येणार नाही. विम्याचं यंत्र दरमहा हप्त्यावर चालतं. अडारकरांनी सुरुवात बारमाही चालणाऱ्या, मोठ्या उद्योगांपासून करायची म्हटलं होतं: कापड, इंजिनिअरिंग, धातू-खनिज. तिथं हजेरीपट असतो, पगारपत्रक असतं. इंजिनिअर म्हणून मला ते पटतंसुद्धा. पहिल्या व्हर्जनमध्ये सोपी केस आधी घेतात, अवघड केस नंतर बघू म्हणतात. फक्त ते 'नंतर' आलंच नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या परिशिष्टातही ईएसआयसमोर 'हंगामी कारखाना सोडून' हे शब्द जसेच्या तसे आहेत.

आणि 1948 नंतरच तर साखरेचा खरा पसारा वाढला. विठ्ठलराव विखे पाटलांचा प्रवरेचा सहकारी कारखाना 1950 मध्ये सुरू झाला. मग कृष्णा, भीमा, नीरा, गोदावरीच्या पाण्यावर एकामागं एक धुराडी. ऊस तोडायला माणसं लागली. पाणी पश्चिमेला आणि कोरडवाहू हाडं बालाघाटावर. 1972 च्या दुष्काळाने तर गावंच्या गावं कोयता घेऊन निघाली. आता आमच्या तालुक्यात सीना-कोळेगाव धरण आहे, ऊस आहे, सोनारीला कारखानाही आहे. तरी दिवाळीनंतर ट्रॅक्टर भरून माणसं जातातच.

कारखान्याच्या गेटवर उभं राहून बघा. आत पॅनमन आहे, फिटर आहे, लॅबमधला केमिस्ट आहे. त्यांना ईएसआय नसला तरी 1957 मध्ये साखर उद्योगासाठी वेतन मंडळ नेमलं गेलं, पुढं महाराष्ट्रात त्रिपक्षीय करार होत आले. कायम कामगाराला रजा आहे, हंगामी कामगारालाही बंद काळात थोडाफार भत्ता आहे. गेटच्या बाहेर, फडात, चिटबॉय आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तोडणीच्या चिठ्ठ्या देणारा, कारखान्याच्या शेतकी खात्याचा पोरगा, मोटरसायकलवर येतो. तो दहावी-बारावी झालेला असतो. ऊन त्याच्याही डोक्यावर आहे. पण त्याचं नाव कारखान्याच्या रजिस्टरात आहे. बांधाच्या अलीकडं वाकलेल्या जोडीचं नाव कारखान्याच्या कुठल्याच रजिस्टरात नाही, ते मुकादमाच्या वहीत आहे. 1948 च्या कारखाना कायद्यात पगारी रजेसाठी वर्षात 240 दिवस काम लागायचं. हंगाम मुळात पाच-सहा महिन्यांचा. म्हणजे उद्या कोणी त्यांना कारखान्याचे कामगार मानलं असतं, तरी त्या आकड्याने ते अडकले असते. चिटबॉय आणि कोयता यांच्यात अंतर किती? चार-पाच इयत्तांचं.

आता अपंगत्वाकडं येतो. नुकसानभरपाईच्या कायद्याला एक तक्ता जोडलाय, कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली याचा. आज त्यात अंगठा 30 टक्के, पूर्ण तर्जनी 14 टक्के. पण 14 टक्के कोणाचे? माझी तर्जनी गेली तर मी नऊ बोटांनी कोड लिहीन, शिव्या देत का होईना. उजव्या हाताची तर्जनी गेलेल्या माणसाने कोयता कसा धरायचा? सर्वोच्च न्यायालयासमोर असा प्रश्न आला होता, डिसेंबर 1975 मध्ये त्याचा निकाल लागला. ओडिशातल्या एका सिनेमागृहात नक्षीकाम करणारा सुतार पडला, डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. न्यायालयाने मानलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्व. 2010 मध्ये रस्ता अपघाताच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने हे आणखी उलगडून सांगितलं: डावा हात गेला तर ड्रायव्हरचा किंवा सुताराचा रोजगारच जातो, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. तीच जखम, पण अपंगत्व किती ते कामावरून ठरतं. आणि काम कशावरून ठरतं ते आपण बघितलंच.

हे झालं अपघाताचं, जिथं निदान जखम दिसते. 2019 मध्ये जे बाहेर आलं, त्यात जखम दिसत नव्हती. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढल्याच्या बातम्या आल्या, गदारोळ झाला, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 महिलांची माहिती घेतली. त्यात 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहा बायकांमागं एक. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण 2.6 टक्के होतं. दोन्हींची पद्धत आणि वयोगट वेगळे आहेत, त्यामुळं तंतोतंत तुलना करू नका, पण फरक डोळ्यांत भरतोच. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात देशभरात शाळेत न गेलेल्या बायकांमध्ये हे प्रमाण शिकलेल्यांपेक्षा जास्त दिसलं.

हे होतं कसं? फडाजवळ संडास नाही, न्हाणीघर नाही, कोपीला दार नाही. पाळीत कापड धुवायला-वाळवायला जागा नाही. जंतुसंसर्ग होतो, अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं. पण दर महिन्याला दोन दिवस बसायचं म्हणजे दोन खाडे, मुकादमाकडं वाढलेलं कर्ज. दवाखान्यात गेलं तर काही डॉक्टर कॅन्सरची भीती घालतात, पिशवी काढून टाका म्हणतात. ज्या आजाराला औषधाचा कोर्स आणि आठवडाभर विश्रांती पुरली असती, त्यावर एकदाचा कायमचा इलाज. ऑपरेशनचे पैसेही बऱ्याचदा उचलीतूनच. मग तिशीत-पस्तिशीत पाठ धरते, सांधे धरतात, आणि मोळी उचलायची तीच.

सगळ्या केसेस अशाच घडल्या असं मी म्हणत नाही. पण मला यात त्या लंडनच्या अभ्यासाची उलटी बाजू दिसते. तिथं खालच्या माणसाचं आजारपण रजेत उमटलं. इथं रजाच नाही, म्हणून ते साठत गेलं आणि एकदम शरीराचा एक भाग घेऊन गेलं. खाड्याचे दोन-दोन दिवस वाचवायच्या नादात पुढची वीस वर्षं दुखण्यात गेली.

या बातम्यांनंतर काही हालचाल झाली. बीडमध्ये अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार महामंडळ झालं, त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागं 10 रुपये आणि तेवढेच सरकारकडून असं ठरलं. 2021 मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने पोरांसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना आली. मला यातलं वसतिगृह सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण शाळेचं वर्ष जून ते एप्रिल आणि तोडणीचा हंगाम बरोब्बर त्याच्या मधोमध. आई-बाप नोव्हेंबरला गेले की पोरगं एकतर आजीजवळ राहतं, नाहीतर फडावर जातं. नव्वदच्या दशकात 'जनार्थ' संस्थेने कारखान्यांवर साखरशाळा चालवल्या, नंतर शिक्षणहक्क कायद्याच्या काळात भर हंगामी वसतिगृहांवर गेला. तरी पाचवी-सहावीच्या पोरीला धाकट्या भावंडांना सांभाळायला सोबत नेतातच. तिच्या गैरहजेरीच्या फुल्या मात्र नीट लिहिल्या जातात, शाळेच्या हजेरीपटावर. तीन-चार वर्षं अशा फुल्या साठल्या की ती दहावीपर्यंत पोचत नाही. मग लग्न, मग नवा कोयता.

टेंभुर्णीच्या त्या आक्कांना मी विचारलं होतं, पोरं कुठंयत. थोरली गावी वसतिगृहात, आठवीला. धाकटा तिथंच वाढ्याच्या ढिगावर खेळत होता. मी खिशातली तापाची गोळी दिली, त्यांनी ती कोरडीच गिळली, पदर डोक्यावर घेतला आणि मोळी उचलायला वाकल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

तुमच्यापैकी कोणाच्या घरात कोयता असेल, किंवा कोणी चिटबॉय, पॅनमन, शेतकी खात्यात असेल, तर तुमच्याकडं खाडा किती आणि कसा कापतात ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. नाव लपवून ऐकवू. पुढचा भाग बार्शी लाइट रेल्वेवर. चला, येतो.